फिफ्थ स्ट्रीटची नोंदवही

१२ जून, फिलाडेल्फिया

विल्यम स्टिल १८४७ साली इथल्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत नोकरीला लागले, तेव्हा पगार होता आठवड्याला पावणेचार डॉलर. काम कारकुनीचं आणि सोबत झाडलोटीचंही. पंचविशीतला कृष्णवर्णीय तरुण, शाळेत फारसा न गेलेला, लिहाय-वाचायला बराचसा आपला आपण शिकलेला. कचेरी नॉर्थ फिफ्थ स्ट्रीटवर. दक्षिणेतल्या मळ्यांतून पळून आलेले गुलाम याच कचेरीचा पत्ता विचारत येत आणि स्टिल त्यांची नोंद करून घेत.

त्यांचं पुस्तक लेकीनं वाचनालयातून आणून दिलंय. १८७२ साली छापलेलं, जवळजवळ आठशे पानांचं. नाव ‘द अंडरग्राउंड रेल रोड’. माझी सगळी नोकरी जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे मजकुराच्या आधी मला लिहिणाऱ्याचा हात दिसतो. माणूस समोर बसला की स्टिल काय विचारत, ते दोन-चार नोंदी वाचल्यावर ध्यानात येतं. नाव, वय, रंग, बांधा. मालक कोण, स्वभावानं कसा. विक्री झाली असेल तर किती वेळा, कितीला. मागे कोण राहिलं: आई, बायको, मुलं, त्यांची नावं. आणि शेवटी, आजपासून नाव काय. पळून आलेला माणूस बहुतेक वेळा तिथेच जुनं नाव टाकून नवं घेई. स्टिल दोन्ही लिहून ठेवत.

असल्या कामाचा कागद ठेवणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः तयार करणं. एक वही सापडली असती तर पळालेली माणसं तर पकडली गेलीच असती, शिवाय त्यांना गाडीत बसवणारे, जेवू घालणारे, बोटीत लपवणारे सगळे तुरुंगात गेले असते. ठिकठिकाणी लोकांनी याच भीतीनं आपले कागद जाळले. स्टिल यांनी ते लेबनन स्मशानभूमीतल्या एका इमारतीच्या माळ्यावर दडवले. जवळजवळ आठशे माणसांची हकीकत त्यामुळे आज वाचता येते.

एवढी जोखीम त्यांनी का घेतली असेल? याचं उत्तर पुस्तकातच आहे. ते उद्या लिहीन, आज डोळे थकले.

१३ जून

१८५०चा ऑगस्ट. पन्नाशीला टेकलेला एक माणूस कचेरीत आला. नाव पीटर. केंटकी आणि अलाबामात चाळीसेक वर्षं गुलामीत काढून, पै पै साठवून त्यानं आपली सुटका विकत घेतली होती. टस्कंबिया गावच्या जोसेफ फ्रीडमन नावाच्या ज्यू व्यापाऱ्यानं त्याला आधी मालकाकडून विकत घेतलं आणि मग त्याच्याच पाचशे डॉलरांवर मोकळं केलं. आता तो आईवडिलांच्या शोधात निघाला होता. लहानपणी त्यांची ताटातूट झालेली. आठवत होतं ते इतकंच, की वडिलांचं नाव लेविन, आईचं सिडनी, आणि आपल्याबरोबर लेविन नावाचाच एक भाऊ होता.

स्टिल टेबलापलीकडे बसून लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की ही आपल्याच घरची गोष्ट आहे. त्यांची आई मेरीलँडमधून पळाली होती. पहिल्यांदा चारही लेकरांना घेऊन निघाली तेव्हा पकडली गेली. दुसऱ्या खेपेला दोन मुलींना घेऊन निघाली आणि दोन मुलगे मागे ठेवावे लागले. चौघांना घेऊन निभणार नाही, हे पहिल्या खेपेनं शिकवलं होतं. न्यू जर्सीच्या पाइनच्या रानात नवऱ्याजवळ पोहोचल्यावर तिनं सिडनी हे नाव टाकून चॅरिटी नाव घेतलं. विल्यम अठरा भावंडांतले सर्वांत धाकटे, त्यानंतर खूप वर्षांनी जन्मलेले. मागे राहिलेल्या त्या दोघांची नावं त्यांनी घरात ऐकली होती. समोर बसला होता तो त्यांचा सख्खा भाऊ.

आई अजून हयात होती. पीटर तिला जाऊन भेटला. सोबतचा लेविन मात्र अलाबामाच्या मातीतच राहिला.

स्टिल यांनी नोंदी इतक्या काटेकोरपणे का ठेवल्या, ते या एका दिवसानं सांगितलं. उद्या कुणाची आई, कुणाचा भाऊ अशाच एखाद्या टेबलापाशी येऊन विचारील, तेव्हा दाखवायला काहीतरी हवं.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. तिथला कायदा असा की मूल आईच्या जातकुळीनं जातं. आई गुलाम असेल तर मूल गुलाम, मग बाप कुणी का असेना. चॅरिटी स्टिल पळून आलेली होती. कायद्यानं मोकळी ती कधी झालीच नाही. म्हणजे काटेकोर पाहिलं तर न्यू जर्सीत जन्मलेला, फिलाडेल्फियात टेबलापाशी बसून इतरांची नावं लिहिणारा हा कारकूनही मेरीलँडच्या कुण्या मालकाची मालमत्ताच ठरला असता.

१४ जून

पीटरची गोष्ट काल अर्धीच राहिली. बायको व्हिना आणि तीन मुलं अलाबामातच होती. सेथ कॉंक्लिन नावाचा एक गोरा माणूस आपण होऊन पुढे आला आणि म्हणाला, मी आणतो. १८५१च्या वसंतात त्यानं चौघांना होडीत घेतलं आणि टेनेसी नदीतून ओहायो नदीत, तिथून वर इंडियानापर्यंत वल्हवत नेलं. इंडियाना हे गुलामगिरी नसलेलं राज्य. तरी व्हिन्सेन्स गावाजवळ ते पकडले गेले, मालक अलाबामाहून आला आणि चौघांना परत घेऊन गेला. कॉंक्लिनचं प्रेत नदीत सापडलं. हातापायांत बेड्या, कवटी फुटलेली.

मालकानं चौघांचे पाच हजार डॉलर मागितले. पीटर उत्तरेतल्या गावोगावी, चर्चमधून आपली गोष्ट सांगत हिंडला आणि ती रक्कम उभी केली. १८५४ सरता सरता बायको-मुलं त्याला मिळाली. विकत घेऊन.

१६ जून

पुस्तकाचं नाव ऐकून नातवाला वाटत होतं की जमिनीखालून खरोखर आगगाडी जात असेल. वय सात. त्याला सांगितलं, रूळ नव्हते, बोगदे नव्हते, मुख्य कचेरी नव्हती; पळणाऱ्यांना लपवत पुढे धाडणाऱ्या माणसांची ती साखळी होती. आगगाडी तेव्हा नवी होती, लोकांच्या तोंडी तीच भाषा होती. वाट दाखवणारा तो ‘कंडक्टर’, आसरा देणारं घर ते ‘स्टेशन’. प्रत्येकाला पुढचं एक घर तेवढं ठाऊक, त्याच्या पुढचं नाही. पकडला गेला तरी एकाच्या तोंडून सगळी साखळी उलगडू नये म्हणून.

त्यानं विचारलं, मग पोलीस कुणाच्या बाजूला होते? मुलांचे प्रश्न किती नेमके असतात. १८५०च्या फरारी गुलाम कायद्यानं पोलीसच काय, रस्त्यावरचा कुठलाही माणूस पकडणाऱ्यांच्या मदतीला बांधला गेला. अडथळा आणला किंवा आसरा दिला तर एक हजार डॉलरांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देण्याचा हक्क नाही. निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस परत धाडला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. कागदपत्रं करायला जास्त वेळ लागतो, असं कारण दिलं होतं. कायद्याचे मसुदे मी पुष्कळ पाहिलेत, पण न्यायाची दरपत्रिका इतकी उघड लिहिलेली कुठे पाहिली नाही.

त्यानंतर फिलाडेल्फिया किंवा बॉस्टन ही शेवटची स्टेशनं उरली नाहीत. गाडी कॅनडापर्यंत न्यावी लागली. तिथे ब्रिटिशांचं राज्य, आणि त्या साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३४पासून लागू झालेला.

२३ जून

जावयानं विल्मिंग्टनला नेलं. गाडीनं तासाभराचीही वाट नाही. पण तेव्हा डेलावेअर हे गुलामगिरीचं राज्य आणि पेनसिल्व्हेनिया मोकळं, त्यामुळे या थोडक्या मैलांत सगळं आयुष्य बदलायचं.

थॉमस गॅरेट हे इथले लोखंडाचे व्यापारी. क्वेकर. किती जणांना पुढे धाडलं याचा ते स्वतः हिशोब ठेवत, तो शेवटी सत्तावीसशेच्या घरात गेला. १८४८ साली त्यांच्यावर खटला झाला, जबर दंड झाला. खंडपीठावर होते रॉजर टॉनी, ज्यांनी पुढे १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला. दंड झाल्यावरही गॅरेट थांबले नाहीत.

ख्रिस्टिना नदीच्या पुलाजवळ बराच वेळ उभे राहिलो. १८५६च्या नोव्हेंबरात, पळणाऱ्यांना वाट दाखवणारी हॅरिएट टबमन काही माणसांना घेऊन या नदीच्या पलीकडे अडकली. त्यांत जो बेली होता. त्याच्या एकट्याच्या शिरावर दीड हजार डॉलरांचं बक्षीस. पुलावर पहारा. गॅरेट यांनी दोन गाड्यांतून गवंडी पाठवले, सकाळी गाणी म्हणत, आरडाओरडा करत, जणू दिवसभराच्या कामाला चाललेत. रात्री त्याच गाड्या तसाच गोंगाट करत परत आल्या. पहारेकऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. गाड्यांच्या तळाशी पळणारी माणसं आडवी पडलेली होती.

त्या गवंड्यांपैकी एकाचंही नाव कुठे नाही. मला त्यांचाच विचार येत राहिला. गॅरेट यांच्या नावाची बाग आहे नदीकाठी, टबमनच्या नावासह, आणि ते योग्यच आहे. पण ती युक्ती पार पडली ती गाडीत बसून जिवाच्या करारावर गाणी म्हणणाऱ्यांमुळे.

जो बेलीचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवते. नायगाऱ्याच्या झुलत्या पुलावरून खरीखुरी आगगाडी त्यांना कॅनडात घेऊन गेली. बाकीचे खिडकीतून धबधबा पाहत होते. जो डोकं हातांत धरून खाली पाहत बसलेला, भीतीनं गोठलेला. पुलाचा मध्य ओलांडला तेव्हा हॅरिएटनं त्याला गदागदा हलवलं आणि सांगितलं की तू आता मोकळा आहेस. मग मात्र त्याचं गाणं थांबेना.

२४ जून

काल लिहायचं राहून गेलं ते सॅम्युएल बरिस यांच्याविषयी. डेलावेअरमधलाच स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस, वाट दाखवण्याचं काम करणारा. १८४७ साली पकडला गेला. गोऱ्याला अशा गुन्ह्यासाठी दंड व्हायचा. बरिस यांना शिक्षा झाली ती लिलावात विकलं जाण्याची.

लिलावाच्या दिवशी गिऱ्हाइकांत आयझॅक फ्लिंट नावाचे एक गृहस्थ उभे होते. व्यापारी जसे हात-पाय, दंड चाचपून पाहतात तसंच त्यांनी पाहिलं, बोली लावली आणि बरिस यांना विकत घेतलं. बाहेर आल्यावर कानात सांगितलं, हे पैसे तुमच्या मित्रांचे आहेत, तुम्ही सुटलात. व्यापाऱ्याचं सोंग पुरेपूर वठावं म्हणून फ्लिंट यांनी ते चाचपणंसुद्धा केलं. बरिस यांना त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं.

डेलावेअर राज्यानं बरिस यांना माफी दिली २०१५ साली. त्यांच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. गुन्हा त्यांचा नव्हता, तरी सरकारी कागदावर शब्द माफीचाच आला.

२९ जून, केंब्रिज, मेरीलँड

डॉर्चेस्टर परगणा. सपाट, पाणथळ मुलूख. नजर जाईल तिथवर गवत, खाड्या आणि मधूनच पाइनची राई. ऊन चटका देणारं, डास अंगावर तुटून पडत होते. या दलदलीत लहानपणी मिंटी नावाची मुलगी मस्करॅटचे सापळे तपासायला थंड पाण्यात कमरेपर्यंत उतरत असे. बकटाउनच्या दुकानात पळणाऱ्या एका गुलामाला अडवण्यासाठी मुकादमानं फेकलेलं दोन पौंडी वजन तिच्या डोक्याला लागलं. तेव्हापासून जन्मभर तिला बोलता बोलता झोपेचे झटके येत. हीच पुढची हॅरिएट टबमन.

१८४९च्या ऑक्टोबरात मालकिणीनं वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात इथल्या माहिती केंद्रात लावली आहे: मिंटी आणि तिचे दोन भाऊ पळाले आहेत, राज्याबाहेर सापडल्यास प्रत्येकी शंभर डॉलर. भाऊ त्या वेळी परत फिरले, ती एकटी गेली. आणि मग पुन्हा पुन्हा परत आली.

मी इथे आले ती १८५४च्या नाताळाच्या गोष्टीसाठी. हॅरिएटच्या तिघा भावांचा लिलाव नाताळच्या दुसऱ्या दिवशी ठरला होता. हॅरिएटला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं आणि जेकब जॅक्सन या साक्षर, स्वतंत्र कृष्णवर्णीयाला पाठवलं, त्याच्या उत्तरेत राहणाऱ्या मानलेल्या मुलाच्या नावानं. काळ्या माणसाचं पत्र इथे टपालवाले आधी फोडून वाचत. त्यांनी वाचलं: घरच्यांना नमस्कार, भावांना सांगा प्रार्थनेत जागे राहा, झायनचं जहाज आलं की चढायला तयार असा. त्या मुलाला तर घरचे म्हणावे असे कुणी नव्हतेच. जॅक्सननं पत्र उलटसुलट केलं, हे माझ्यासाठी नसावं, मला यातलं काही कळत नाही असं म्हणून परत टाकलं आणि घरी न जाता थेट भावांकडे गेला.

पळायचं शनिवारी रात्री. रविवारी कामाची सुट्टी, म्हणजे सोमवारपर्यंत शोध सुरू होत नाही. भावांपैकी रॉबर्ट वेळेवर पोहोचला नाही, कारण त्या रात्री त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. त्याला तिथेच, त्याच रात्री निघावं लागलं. थांबला असता तर विकला गेला असता, आणि मग त्या मायलेकींना तो तसाही दिसला नसता. दुसरा भाऊ बेन, त्याच्याबरोबर त्याची होणारी बायको जेन होती, पुरुषाचे कपडे घालून.

सगळे आईवडिलांच्या झोपडीजवळच्या वैरणीच्या कोठारात दडले. पाऊस पडत होता. म्हातारी आई, रिट, नाताळच्या जेवणाला मुलांची वाट पाहत होती, डुक्कर कापून रांधून ठेवलं होतं. ती दारात येई, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघे, आत जाई. फळ्यांच्या फटींतून मुलं ते पाहत होती. तिला कळलं असतं तर तिनं हंबरडा फोडला असता, शेजारपाजारी कळलं असतं, म्हणून तिला सांगायचं नाही असं ठरलं होतं. बापाला सांगितलं. हा बाप, त्याचंही नाव बेन, बेन रॉस, खोटं न बोलण्याबद्दल साऱ्या परगण्यात ओळखला जाई. तो रात्री जेवण घेऊन कोठाराशी आला तो डोळ्यांवर हातरुमाल बांधून. निघताना तसाच, दोन मुलांच्या दंडांना धरून, काही अंतर त्यांच्याबरोबर चालत गेला आणि रस्त्यात उभा राहिला. पुढे शोध घेणारे आले तेव्हा त्यानं सांगितलं, या नाताळात माझ्या एकाही मुलाला मी पाहिलं नाही.

२९ डिसेंबरला ते सगळे फिफ्थ स्ट्रीटच्या कचेरीत होते. स्टिल यांनी नावं लिहून घेतली. रॉस भावांनी नवं आडनाव घेतलं, स्टुअर्ट.

पुढे १८५७ साली हॅरिएटनं आईवडिलांनाही बाहेर काढलं. रिटला तेव्हा मुलं पुन्हा दिसली असतील, कॅनडात, सेंट कॅथरिन्समध्ये. ती काय बोलली असेल हे कुणी लिहून ठेवलं नाही. ते कळावं असं फार वाटतं.

३ जुलै

नातवाच्या उन्हाळी वर्गात गोधडीचे तुकडे रंगवायला दिले होते. अमुक नक्षी म्हणजे सामान बांधा, तमुक म्हणजे निघा, गोधड्या कुंपणावर वाळत घालून अशा खुणा देत म्हणे. ही गोष्ट १९९९ साली आलेल्या एका पुस्तकानं घरोघरी गेली. पळून आलेल्यांच्या आपल्या जबानीत, स्टिल यांच्या पुस्तकात, कुठेच तिचा मागमूस नाही, आणि इतिहासकार ती मानत नाहीत. टबमनबद्दलही एकोणीस खेपा आणि तीनशे माणसं हा जुना आकडा अजून छापला जातो. नीट तपास केलेल्यांच्या मते खेपा तेराच्या आसपास आणि माणसं सत्तरच्या आसपास.

सत्तर म्हणजे कमी का? प्रत्येक खेपेला ती पकडली जाऊ शकत होती. फुगवलेल्या आकड्यात ते एकेक माणूस, वैरणीच्या कोठाराच्या फटीतून आईला पाहणारा तो रॉबर्ट हरवून जातो. म्हणून मी नातवाला गोधडी रंगवू दिली आणि रात्री बेन रॉसच्या हातरुमालाची गोष्ट सांगितली. त्यानं दोनदा ऐकली.

५ जुलै

गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मचरित्र १८४५ साली आलं. त्यात बाल्टिमोरहून आपण कसे निसटलो हे त्यांनी सांगितलं नाही. उलट, जे लोक या वाटांची जाहीर वाच्यता करतात त्यांच्यावर ते चिडले, कारण वाचक मालकही असतात. एका मित्राचे खलाशाचे कागद दाखवून, खलाशाच्या वेशात ते रेल्वेत बसले होते, हे त्यांनी उघड केलं १८८१ साली. तोवर तो मित्र सांभाळायचा होता, ती वाट सांभाळायची होती.

डग्लस गप्प राहिले, स्टिल यांनी लिहिलं. दोघांचा हेतू एकच होता असं मला वाटतं. लिहून झाल्यावर दडवून ठेवण्याची छाती असेल तरच लिहावं, एवढी अट स्टिल यांनी पाळली.

१८ जुलै

आजचीच तारीख, १८५५. अमेरिकेचे निकाराग्वातले राजदूत जॉन व्हीलर आपल्याबरोबर जेन जॉन्सन नावाची गुलाम स्त्री आणि तिची दोन मुलं घेऊन फिलाडेल्फियातून न्यूयॉर्ककडे चालले होते. व्हीलर यांनी तिला बजावलं होतं, कुणाशी बोलू नकोस. हॉटेलात ते जेवायला गेले तेवढ्यात तिनं तिथल्या कृष्णवर्णीय नोकरांच्या कानावर घातलं की मला सुटायचं आहे. दुपारी स्टिल यांच्या टेबलावर चिठ्ठी आली.

स्टिल धावत आपले सहकारी पासमोर विल्यमसन यांच्याकडे गेले आणि दोघे वॉलनट स्ट्रीटच्या धक्क्यावर पोहोचले. बोट सुटायच्या बेतात होती. पेनसिल्व्हेनियाचा १८४७चा कायदा सांगत होता की मालकानं आपण होऊन इथे आणलेला गुलाम इथे पाऊल टाकताच मोकळा होतो. त्यांनी तिला तेवढंच सांगितलं. ती उठली. व्हीलर यांनी तिला धरलं. धक्क्यावरच्या पाच हमालांनी वाट करून दिली, मुलांना उचललं आणि स्टिल तिला बग्गीतून घेऊन गेले.

विल्यमसन यांना फेडरल न्यायाधीशांनी शंभर दिवसांच्या आसपास तुरुंगात ठेवलं. तुरुंगात त्यांना भेटायला टबमन, डग्लस असे कितीतरी लोक गेले. स्टिल आणि हमालांवर खटला भरला. आणि मग जेन जॉन्सन स्वतः कोर्टात उभी राहिली. बाहेर फेडरल मार्शल तिला धरायला टपलेले. तिनं शपथेवर सांगितलं, मला कुणी पळवलं नाही, मी माझ्या मर्जीनं गेले. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या ल्युक्रेशिया मॉट आणि इतर बायका तिला मधे घेऊन बाहेर पडल्या, शहराचे शिपाई बग्गीभोवती होते. स्टिल सुटले. हमालांपैकी दोघांना आठवडाभराची कैद झाली.

आज मुद्दाम धक्क्याकडे गेले. नदीकाठी आता चालण्याचा रस्ता आहे, खाण्याच्या गाड्या, मुलांचे झोके. खटल्याबद्दल वाचलं तेव्हा विल्यमसन यांचं नाव सगळीकडे दिसलं, आणि त्यांनी सोसलंही पुष्कळ. पण या गोष्टीची सुरुवात जेननं केली. बोलायचं नाही असं बजावलेलं असताना ती बोलली. ते ऐकून चिठ्ठी पाठवणारे हॉटेलचे नोकर होते, वाट करून देणारे हमाल होते. १८९८ साली इतिहासकार विल्बर सीबर्ट यांनी या कामातल्या तीन हजारांहून अधिक माणसांची यादी छापली, ती बहुतेक गोऱ्यांची. १९६१ साली दुसरे इतिहासकार लॅरी गारा यांनी साधार दाखवलं की पळण्याचा बेत बहुधा पळणाऱ्यांचाच असे, पहिली आणि सर्वांत धोक्याची मजल बहुधा त्यांनीच एकट्यानं गाठलेली असे आणि मदतीचा पहिला हात बहुधा काळ्याच माणसाचा असे. स्टिल यांच्या वहीत ते आधीपासूनच लिहिलेलं होतं.

२१ जुलै

लेकीनं विचारलं, ही माणसं कचेरीत आल्यावर राहत कुठे? स्टिल यांच्या घरी, पुष्कळजण. बायको लेटिशिया शिवणकाम करी. जेवण, कपडे, निजायची सोय, आजाऱ्याची शुश्रूषा हे सगळं तिच्या घरात. साउथ डेल्ही स्ट्रीटवरचं त्यांचं एक घर २०१८ साली ओळखलं गेलं. चिंचोळी गल्ली, विटांचं छोटं घर. त्यात आता कुणीतरी राहतं, म्हणून दुरूनच पाहिलं.

२६ जुलै

पुण्याहून बहिणीचा फोन. तिला हे सगळं सांगत होते तर ती म्हणाली, अगं, जोतिबांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलंय ना? खरंच. १८७३. स्टिल यांचं पुस्तक निघालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी. गुलामांना मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झटलेल्या तिथल्या सज्जनांचा गौरव म्हणून जोतिरावांनी ते त्यांना अर्पण केलं आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडवण्यासाठी तोच कित्ता गिरवावा अशी आशा लिहिली.

पुण्यात बुधवारपेठेत, भिडेवाड्यात शाळा काढणाऱ्या माणसाला समुद्रापलीकडच्या या लढ्याशी आपलं नातं आहे हे स्वच्छ दिसलं होतं, याचा फार अभिमान वाटला. आणि अर्पणपत्रिकेतल्या त्या सज्जनांत मी आता जेकब जॅक्सनला धरते, लेटिशियाला धरते, त्या पाच हमालांना आणि गाडीतल्या गवंड्यांनाही.

३० जुलै

यादवी युद्धानंतर, १८६५ साली गुलामगिरी संपली तेव्हा ताटातूट झालेल्यांचा खरा शोध सुरू झाला. ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ हे आफ्रिकन मेथॉडिस्ट चर्चचं साप्ताहिक इथेच, फिलाडेल्फियात छापलं जाई. त्यात आणि अशाच इतर पत्रांत लोक जाहिराती देऊ लागले, माहिती हवी आहे म्हणून. माझी आई अमक्या साली अमक्या गावी विकली गेली. नेणारा व्यापारी तमका. भावंडांची नावं ही. धर्मोपदेशकांनी ही जाहिरात प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवावी, अशी विनंती पुष्कळदा खाली असे. विसावं शतक उजाडलं तरी या जाहिराती थांबल्या नव्हत्या. मुलं तोवर साठीची झाली होती आणि आईला शोधत होती.

व्हिलानोव्हा विद्यापीठानं मदर बेथेल चर्चच्या साथीनं अशा हजारो जाहिराती एकत्र केल्या आहेत. लेकीनं लॅपटॉपवर उघडून दिल्या. अख्खी दुपार वाचत बसले. मालकांची नावं नातेवाइकांपेक्षा जास्त भरतात, कारण विक्री झाली की आडनाव बदलायचं आणि माग लावायचा तर मालकांच्या नावांवरूनच लावायचा. बहुतेकांना कुणी सापडलं नाही. ज्यांना सापडलं त्यांची पत्रं कधीमधी पुढच्या अंकात दिसतात.

स्टिल तोवर कोळशाचे मोठे व्यापारी झाले होते. काळ्या लोकांना घोड्यांच्या ट्रामच्या आत बसू देत नसत, त्याविरुद्ध त्यांनी १८५९पासून लिहायला सुरुवात केली आणि १८६७ साली कायदा करवून घेण्यात त्यांचा हात होता. वह्या माळ्यावरून खाली आणून पुस्तक केलं ते त्यानंतर. विकायला ठिकठिकाणी माणसं नेमली आणि दाराशी जाऊन पुस्तक विकलं. मालकांना भ्यायचं कारण आता उरलं नव्हतं, म्हणून सगळी नावं, जुनी आणि नवी, शेजारी शेजारी छापली.

रविवारी मदर बेथेलला जाणार आहे. सिक्स्थ आणि लॉम्बार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. तिथल्या कुणा वडीलधाऱ्या बाईंना विचारायचं आहे, त्या जाहिराती व्यासपीठावरून वाचल्या जात तेव्हा बाकांवरून कधी कुणी उठून उभं राहिल्याचं त्यांच्या घरात सांगतात का.